पुढचा हझान कोण

सरांचा फोन आला तेव्हा मी अल-खोबरच्या मासळी बाजारात सुरमईच्या तुकड्या करून घेत होते. समोरचा बांगलादेशी मुलगा करवतीवर मासा धरायचा आणि त्या आवाजात पलीकडचं अर्धंच ऐकू यायचं.

"आता तू घे," एवढं ऐकू आलं.

"काय घेऊ सर?"

"ट्रस्ट. माझे डोळे गेले. सही कुठे करायची ते दुसऱ्याला बोट ठेवून दाखवावं लागतं."

सरांनी मला शाळेत गणित शिकवलं. मुंबईतल्या आमच्या ज्यू शाळेत त्यांचा एवढा धाक होता की आज पन्नाशी उलटल्यावरही त्यांचा फोन आला की मी आधी पदर, म्हणजे हल्ली ओढणी, सावरते आणि मग बोलते. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. घरात मराठी, आडनावाच्या शेवटी 'कर', आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवे. आमच्या समाजाची बरीच माणसं इस्रायलला गेली. जी मागे राहिली त्यांच्यात काही अशी होती ज्यांनी सगळं आयुष्य समाजाच्याच कामात घातलं होतं. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझान, तिथली झाडलोट आणि दिवाबत्ती पाहणारे शम्माश, शाळेतल्या बाई, मास्तर. म्हातारपणी त्यांना पेन्शन मिळावी, औषधपाणी व्हावं, म्हणून हा ट्रस्ट. मी कॉलेजात होते तेव्हापासून सर त्याचे अध्यक्ष होते. दुसरं कोणी अध्यक्ष होऊ शकतं असं कधी मनातही आलं नव्हतं.

"सर, मी सौदीत असते."

"मग? इस्रायलमध्ये असतीस तर बोललो नसतो. तिथली मंडळी फोन उचलत नाहीत. तू उचलतेस. शिवाय तुझं कामच ते आहे ना, लोकांना निवृत्त करण्याचं?"

हे शेवटचं काही खोटं नव्हतं. मी एका देखभालीची कामं करणाऱ्या कंपनीत एचआरमध्ये आहे. वातानुकूलन यंत्रं, पाइपलाइनी, इमारतींची दुरुस्ती अशी कामं, आणि ती करणारी माणसं बहुतेक भारतातली, त्यात रत्नागिरी-रायगडकडची पुष्कळ. त्यांच्या इकाम्याचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण माझ्याकडे, आणि शेवटी 'फायनल एक्झिट'चे, कायमचं परत जायचे, कागदही माझ्याकडेच. या देशात आमच्यासारखं कोणी म्हातारं होत नाही. म्हातारपण आलं की माणूस परत जातो. इथे राहायला लागल्यावर हे लक्षात यायला मला बराच काळ लागला. आमच्या इमारतीत आजी नाही, आजोबा नाही. कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, संध्याकाळी फिरायला जावं तर काठी टेकत चालणारा माणूस दिसला की तो सौदीच असतो.

सुरमई घेऊन घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं. तो अभियंता आहे, आणि कुठल्याही गोष्टीत आधी काय बिघडू शकतं ते पाहतो.

"इथे बसून तू ज्यू संस्थेची अध्यक्ष होणार?"

"गुन्हा थोडाच आहे?"

"गुन्हा नाही. पण ऑफिसात सांगत बसू नकोस."

ऑफिसात सांगण्याचा प्रश्नच नव्हता. इथे मी कोण आहे हे कोणी खोदून विचारत नाही. बहुतेकांना मी हिंदू वाटते, काहींना ख्रिश्चन. मी कधी खोटं बोललेले नाही, पण फार खुलासाही केलेला नाही. गंमत अशी की शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळायला मला मुंबईपेक्षा इथे सोपं जातं. मुंबईत माझे वडील शनिवारी ऑफिसला जायचे आणि दिवसभर मनात कुढत राहायचे. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टीच. वाइन मिळत नाही, तर आम्ही पूर्वीपासून काळ्या मनुकांच्या सरबतावरच किद्दुश, पेल्यावरची प्रार्थना, म्हणत आलो आहोत. मनुका इथे उत्तम मिळतात.

आमच्याबद्दल ज्याला ठाऊक होतं असं या शहरात एकच घर होतं, खालच्या मजल्यावरचं. भाई आणि भाभी. भाई स्पेअर पार्ट्सच्या दुकानात होते, तरुणपणी आलेले ते डोक्यावरचे केस जाईपर्यंत. पहिल्यांदा लिफ्टमध्ये भेट झाली तेव्हा भाभींनी मला मराठीत फोनवर बोलताना ऐकलं आणि गाव विचारलं. मी रायगडच्या किनाऱ्यावरचं आजोळ सांगितलं. मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकताच त्या लिफ्टमध्येच ओरडल्या, "अगो, म्हणजे तुम्ही शनवार तेली!"

मी आधी दचकून बाकीच्यांकडे पाहिलं. एक फिलिपिनो नर्स आणि एक मल्याळी गृहस्थ होते, त्यांना काय कळणार. कोकणात आम्हाला हेच नाव होतं. आम्ही तेल गाळायचो आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून. ते नाव मी कित्येक वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भाईंचं गाव म्हणजे माझं आजोळच निघालं. त्यांच्या वाडीला लागून आमचं जुनं सिनेगॉग. ईदला त्यांच्याकडून शेवया यायच्या, आणि आमच्याकडे मलिदा, म्हणजे नवसाचा विधी, झाला की पोहे, ओलं खोबरं आणि फळं घालून भरलेलं ताट खाली जायचं.

तर सरांना मी हो म्हटलं. ट्रस्टची सभा व्हिडिओ कॉलवर झाली. पाच-सहा चौकटींतली डोकी, त्यांतली दोन कपाळापासून वरच दिसत होती. कोणी नाव सुचवलं, कोणी अनुमोदन दिलं, विरोधाला कोणी नव्हतंच. एक काकू म्हणाल्या, "बाई अध्यक्ष झाली, बरं झालं," आणि लगेच त्यांचं नेट गेलं. सरांनी छोटंसं भाषण केलं. भाषणाच्या शेवटी गणिताच्या तासाला म्हणायचे तसंच म्हणाले, "आता पुढचं उदाहरण तुम्ही सोडवा." सगळे हसले.

पुढचं उदाहरण म्हणजे माझ्या आजोळचे हझानकाका.

ते गावच्या सिनेगॉगचे हझान होते आणि निवृत्त व्हायचं वय मागे टाकून त्यांना बरीच वर्षं झाली होती. आमच्या ट्रस्टचा नियम असा की काम सोडलं की पेन्शन सुरू होते, आणि त्याबरोबर दवाखान्याचा खर्चही. काम चालू आहे तोवर यातलं काही नाही. काकांचे गुडघे पार गेलेले होते. शस्त्रक्रिया करायला हवी हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. पण काका काम सोडत नव्हते, आणि काम सोडत नाहीत म्हणून ट्रस्टला काही करता येत नव्हतं.

बरं, काम तरी काय उरलं होतं? गावात आमची दोन घरं. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याला आम्ही मिन्यान म्हणतो. ते गावात कधीपासूनच भरत नव्हते. इस्रायलहून कोणी पाहुणे आले, आजोळ दाखवायला मुलंबाळं घेऊन आले, तरच. एरवी काका शुक्रवारी संध्याकाळी जायचे, दार उघडायचे, दिवे लावायचे, एकट्याने जेवढं म्हणता येतं तेवढं म्हणायचे आणि दार लावून परत यायचे.

मी त्यांना फोन करायला लागले. शब्बाथला ते फोन घेत नाहीत, म्हणून शुक्रवारी सकाळी. शुक्रवार सकाळचं खोबर फार छान असतं. नमाजाआधी रस्ते रिकामे, दुकानं बंद, समुद्रावरून येणारा दमट वारा. मी गॅलरीत चहा घेऊन बसायचे आणि तिकडे काकांच्या अंगणात कोंबड्या ओरडत असायच्या.

"काका, गुडघे काय म्हणतात?"

"गुडघे काय म्हणणार. मीच त्यांना म्हणतो, चला."

"आता सोडा ना सगळं. ट्रस्ट आहे पाठीशी."

"सोडतो की. पुढचा आला की सोडतो. सरांनी सांगितलंय, शोध चालू आहे. मिळाला का कोणी?"

दर शुक्रवारी बोलणं इथे येऊन थांबायचं. मी म्हणायचे, "विचारून सांगते." आणि विचारायचं कोणाला तेच मला कळत नव्हतं. कारण शोध चालू असल्याचं ट्रस्टच्या कोणालाही माहीत नव्हतं.

त्याच सुमाराला भाईंची जायची वेळ आली. कफीलने, म्हणजे दुकानाच्या सौदी मालकाने, दुकान मुलाच्या हाती दिलं होतं आणि मुलाला नवी माणसं हवी होती. भाभी आधीच सामान बांधायला लागल्या. भाई मात्र दुकानातून आल्यावर आमच्याकडे येऊन बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. एकदा नवऱ्याने विचारलं, "गावी गेल्यावर काय करणार भाई?"

"तेच तर कळत नाही. लोक विचारतात, सुट्टी किती दिवस? आता त्यांना काय सांगायचं, की सुट्टी खलास, आता मीच आलोय."

ते गेले तेव्हा आम्ही दमामच्या विमानतळावर सोडायला गेलो. भाभींनी मला मिठी मारली आणि एवढा खाऊ दिला की माझ्या फ्रिजमधली जागा संपली. भाईंनी फक्त हात वर केला. काचेपलीकडे ते दिसेनासे झाल्यावर नवरा गाडीत बराच वेळ चावी न फिरवता बसला. त्याचीही इथली काही फार वर्षं उरलेली नव्हती.

गावी गेल्यावर भाभींचा पहिला फोन आला तो काकांबद्दलच. "तुमचे हझानकाका पडले. सिनेगॉगच्या पायरीवर. यांनीच उचलून आणलं. हाड मोडलं नाही, पण तोंड पार सुजलंय." मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे रोज जातात त्यांच्याकडे बसायला. दोघांनाही काम नाही ना."

त्याच आठवड्यात ऑफिसात माझ्यासमोर एक फिटर बसला होता. चिपळूणकडचा. फायनल एक्झिटचे कागद तयार होते, फक्त सही राहिली होती. पेन हातात घेऊन तो म्हणाला, "मॅडम, मला परत बोलावतील का? साहेब म्हणाले, जागा झाली की पहिला तुलाच बोलावू." त्याच्या साहेबांना मी ओळखत होते. ते सगळ्यांना असंच सांगत. त्यात त्यांचा वाईट हेतू नसायचा, निरोप देताना माणसाला काहीतरी गोड हातात द्यावं असं त्यांना वाटे. पण त्या आशेवर माणसं गावी जाऊन वर्ष वर्ष दुसरा कामधंदा न बघता बसून राहिलेली मी पाहिली होती. मी त्याला म्हटलं, "नाही बोलावणार. त्या कामाचं कंत्राटच संपलंय. गावी गेल्यावर तुमचं तुम्ही बघा." त्याचा चेहरा पडला. त्याने सही केली, आणि दाराशी जाऊन परत वळला. "मेव्हणा म्हणत होता, त्याच्याबरोबर प्लंबिंगचं काम घे. मग त्याला हो कळवतो." एवढं बोलून तो गेला.

मी त्या संध्याकाळी सरांना फोन केला.

"सर, हझानकाकांना तुम्ही पुढचा माणूस मिळेल असं सांगितलंत?"

"हो."

"मिळेल का?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "तू काय म्हणतेस?" सर म्हणाले.

"मला नाही वाटत."

"मलाही नाही वाटत. पण त्या माणसाला ते सांगायचं कसं? तीन पिढ्या त्यांच्या घरात आहे हे. मी नाही सांगू शकलो. तूही नको सांगूस. असंच चालू दे, जेवढे दिवस चालेल तेवढं."

शिष्या म्हणून मी "बरं सर" म्हटलं. अध्यक्ष म्हणून काय करायचं ते मला कळत नव्हतं.

डिसेंबरात रजा घेऊन आम्ही भारतात गेलो. नवरा पुण्याला त्याच्या बहिणीकडे थांबला आणि मी गावी गेले. भाई एसटी स्टँडवर घ्यायला आले होते. लेंग्यात, पायात साध्या चपला. खोबरला कायम इस्त्रीच्या शर्टात पाहिलेला माणूस मला आधी ओळखूच आला नाही. वाटेत म्हणाले, "ताई, एक सांगू? काकांना वाटतं, नवा हझान येऊन उभा राहील आणि आपण जागेवर नसू. म्हणून ते परगावी जात नाहीत. मुलीकडेसुद्धा राहत नाहीत."

काका सिनेगॉगमध्येच होते. कौलारू, पांढरा चुना दिलेलं, आत निळं छत. लहानपणी मला ते केवढं मोठं वाटायचं. काका बाकावर बसून दिव्यांच्या काचा पुसत होते. डोळ्याखाली पडल्याची काळी खूण अजून होती. भाई बाहेर पायरीवर बसले. मी काकांच्या शेजारी बसले आणि एक काच पुसायला घेतली.

"खोबरची अध्यक्ष आली," काका म्हणाले. "बोल, मिळाला का पुढचा?"

मी मनात चार गोड वाक्यं रचून आणली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"नाही काका. मिळालेला नाही. आणि मला वाटतं, मिळणारही नाही. माझ्या माहितीत तर कोणी शोधतसुद्धा नाही."

त्यांचा हात थांबला. काच त्यांनी फार जपून बाकावर ठेवली.

"नक्की?"

"नक्की."

"हं."

बाहेर भाईंचा खोकल्याचा आवाज आला. मला वाटलं, काका आता रडतील किंवा मला निघून जायला सांगतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. ते समोर भिंतीकडे पाहत म्हणाले, "ती असताना कळलं असतं तर बरं झालं असतं."

ती म्हणजे काकू. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"ती सारखी म्हणायची, ठाण्याला मुलीकडे जाऊ. तिथे सिनेगॉग आहे, माणसं आहेत, चार बायका आहेत बोलायला. मी म्हणायचो, पुढचा आला की जाऊ. तो यायच्या आधी तीच गेली."

मी ज्याला खरं बोलणं समजत होते ते इतक्या उशिरा येऊन त्यांच्यासमोर बसलं होतं, आणि आणणारी मी होते. मला क्षणभर वाटलं, सर बरोबर होते. चालू द्यायला हवं होतं.

"सरांनी सांगायला हवं होतं," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात राग होता. "मी काय लहान मूल होतो?"

मग ते बाकाला धरून उठले. "चहा घेणार ना? त्यालाही बोलाव आत, बाहेर का बसलाय." आणि आम्ही तिघांनी मागच्या पडवीत चहा घेतला. काका भाईंशी नारळाच्या पाडेकऱ्याबद्दल बोलत राहिले, हल्ली कोणी झाडावर चढायला तयार होत नाही वगैरे. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी निघताना मात्र म्हणाले, "तुझी रजा संपायच्या आधीच्या शुक्रवारी ये. जे येतील त्यांना घेऊन ये. शेवटचा शब्बाथ नीट करू."

मुंबईला येऊन मी सरांकडे गेले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. झालं ते सगळं सांगितलं. सर आरामखुर्चीत होते, चष्मा कपाळावर, कारण डोळ्यांवर असला तरी त्याचा उपयोग नव्हता.

"कोणी शोधत नाही, असं म्हणालीस त्याला?"

"हो."

"ते बरोबर नाही." सर सरळ होऊन बसले. "दर वर्षी इस्रायलहून येणाऱ्या मुलांना मी विचारायचो. लग्नात, बारशात, कुठेही. वर्षभर येऊन राहाल का, त्या गावी? म्हणून विचारायचो. ट्रस्टमध्ये कधी बोललो नाही, लोक हसले असते. मुलंही हसायची. पण मी विचारायचो."

मी काकांना अर्धवट सांगून आले होते. तिथूनच, सरांच्या समोर बसून, मी काकांना फोन लावला आणि म्हटलं, "काका, माझी चूक झाली. सर विचारत होते. दर वर्षी. कोणी तयार झालं नाही, पण ते विचारत होते."

"आहेत का तिथे ते?"

मी फोन सरांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा सर म्हणत होते, "माझं चुकलंच," आणि मग ऐकत होते, आणि मग एकदम हसले. कशाला ते मी विचारलं नाही.

त्या शुक्रवारी अलिबागहून, पेणहून, ठाण्याहून माणसं आली. बहुतेक पांढऱ्या केसांची. सर भाड्याच्या गाडीने आले, त्यांना हाताला धरून मी पायऱ्या चढवल्या. पुरुष दहा भरले नाहीत. शेवटच्या क्षणी कोणीतरी यायचं होतं, त्याचा फोन आला की घाटात गाडी बंद पडली. मला फार वाईट वाटलं. निदान आजच्या दिवशी तरी मिन्यान व्हायला हवं होतं. काकांना मात्र त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, डोक्यावर टोपी सारखी केली आणि दहा नसताना जेवढं म्हणतात तेवढंच म्हटलं, त्यांच्या घरातल्या जुन्या चालीत. ती चाल आता दुसरीकडे कुठे ऐकू येत नाही. मागच्या बाकावर अलिबागच्या एक मावशी पदर तोंडावर धरून त्यांच्याबरोबर म्हणत होत्या. त्यांना सगळं पाठ होतं.

नंतर सरबत, खोबऱ्याच्या वड्या, आणि भाभींनी शेजारून पाठवलेला चहा. ज्यांना शब्बाथला प्रवास करायचा नव्हता ती मंडळी भाईंच्या घरी राहिली. भाभींनी माडीवर गाद्या घातल्या होत्या. सर आणि हझानकाका एकाच खोलीत झोपले. सकाळी दोघंही अंगणात, घोंगडी पांघरून, कोवळ्या उन्हात बसलेले दिसले. भाई त्यांना खोबरच्या गोष्टी सांगत होते, उन्हाळ्यात तिथे गाडीच्या बोनेटवर अंडं कसं तळता येतं वगैरे. ते खरं नाही हे मला ठाऊक होतं, पण मी मध्ये बोलले नाही.

रविवारी सेफेर, म्हणजे आमची हाताने लिहिलेली तोरा, ठाण्याच्या सिनेगॉगला न्यायची होती, आणि काकाही मुलीकडे राहायला निघाले होते. काकांनी ती स्वतःच्या मांडीवर घेतली. गाडी निघाली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण ड्रायव्हरला दोनदा सांगितलं, "हळू, रस्ता खराब आहे." रस्ता नुकताच केलेला होता.

सिनेगॉगचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. भाई आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडून हवा खेळती ठेवतात. आम्ही कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. सभेत कोणीतरी म्हणालं, त्यांना रीतसर मानधन द्यायला हवं. मी भाईंना विचारलं तर ते चिडले. म्हणाले, "ताई, तुम्ही मला परत कामाला लावताय?"

मी खोबरला परत आले. ट्रस्टची कामं चालू आहेत. एका शाळेतल्या बाईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया, एका शम्माशच्या विधवेचे कागद. नवीन अध्यक्षाच्या हातून फार मोठं काही झालं असं मी म्हणणार नाही. सभेत हल्ली मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते, एकदा कागदावर काय आहे ते आणि एकदा कोणी कोणाला तोंडी काय सांगितलंय ते. सरांना यात थोडी टीका वाटते. वाटली तर वाटू दे.

काकांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. दुसऱ्याची व्हायची आहे. परवा त्यांचा ठाण्याहून फोन आला. मुलीच्या सातव्या मजल्यावर त्यांना चैन पडत नाही, लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही, नारळ इथे दगडासारखे मिळतात, अशा तक्रारी सांगून झाल्या. मग म्हणाले, "इथला हझान तरुण आहे. चांगला आहे. फक्त घाई फार करतो. जणू गाडी चुकेल."

"मग तुम्ही शिकवा ना त्याला."

"त्याने शनिवारी मला पुढे बोलावलं, म्हणाला, काका, तुमच्या गावच्या चालीत म्हणा. मी उठलो नाही. बसल्या जागेवरून सांगितलं, मी पेन्शनर आहे."

आणि ते इतक्या जोरात हसले की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.